तो नो बॉल मीच बोललो होतो

गावातल्या मॅचची कॉमेंट्री मी करतो, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तसा धंदा ऑनलाईनच्या दुकानाचा, सातबारा काढून दे, पीक विम्याचा फॉर्म भर, धानाच्या बोनसच्या यादीत नाव आलं का बघून दे, दिवसभर हेच. पण मंडई, म्हणजे आमच्याकडची गावची जत्रा, आली की शटर अर्धं पाडून मी माईक धरतो आणि मग तोंडाला लगाम राहत नाही. एकदा मैदानात म्हशी घुसल्या तर त्यांची फिल्डिंगपण मी माईकवरून लावून दिली होती, एक म्हैस स्लिपला, एक लाँग ऑनला. लोक अजून काढतात ती गोष्ट. म्हणजे या माईकवरून मी आजपर्यंत कितीतरी खोटंनाटं बोललोय, "काय तो शानदार झेल" म्हणून, आणि झेल असा की पोराच्या पोटावर बॉल आदळून हातात अडकलेला. त्याचं काही वाटत नाही. एकच खोटं टोचतं, आणि ते दोन शब्दांचं आहे.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढं, वडसा रोडपासून आत. झाडीपट्टी, म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा भाग. धान, तलाव, बोड्या, मोहाची झाडं, आणि संध्याकाळी सातनंतर वाघाच्या भीतीनं सामसूम होणारा रस्ता. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा पट, म्हणजे बैलांची शर्यत, नाहीतर कबड्डी नाहीतर क्रिकेट, कुठं दंडार, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे तुमच्या पुण्या-मुंबईसारखं दोन-अडीच तासांत घरी जा असं नाही, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं, लोक चादरी-घोंगड्या घेऊन, पोरंबाळं घेऊन बसतात. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, तिथून सगळ्या कंपन्यांचा कारभार चालतो. २०२३ साली आमच्याकडच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्ही मात्र पाळण्यात असल्यापासून नाटकाला जातोय, आणि अर्ध्या नाटकांचा शेवट मला अजूनही माहीत नाही कारण झोप लागायची.

तर आमच्या गावचा एक माणूस नाटकाच्या लाईटवर होता. बावीस वर्षं. दिवाळी ते होळी रोज वेगळं गाव, दुपारी पोचायचं, पाईप उभे करायचे, फोकस बांधायचे, रात्रभर डिमरवर बसायचं, सकाळी सगळं सोडून परत गाडीत भरायचं. वैनगंगेच्या पलीकडच्या एका गावी वरती चढून वायर आवळत होता आणि पाईप सरकला. पडला तो पाठीवरच. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला पण कंबरेखाली काही राहिलं नाही. ज्या कंपनीत होता तिनं सुरुवातीची दोन बिलं भरली, नंतर फोनची नुसती रिंग जायला लागली. नाव घेत नाही, त्यांचाही चार महिन्यांचा धंदा आहे, पण बावीस वर्षांचा माणूस दोन बिलांत संपतो हे काही मला पटलेलं नाही.

मॅचची आयडिया आमची नव्हे. ती त्या नटाची.

दरवर्षी मुंबई-पुण्याकडचे सिरियलवाले, सिनेमावाले झाडीपट्टीत येतात हे तुम्हाला माहीतच असेल, पोस्टरवर त्यांचा फोटो मोठा आणि आमच्याकडच्या कलाकारांचे कडेला छोटे (आणि रात्रभर नाटक ओढतात ते छोटे फोटोवाले, हे आपलं जाता जाता). हा त्यातलाच एक. टीव्हीवर खलनायक. सुनेचा छळ करणारा दीर का कोण, आमच्या आईनं तर त्याला इतक्या शिव्या दिल्यात की तो गावात येणार म्हटल्यावर तिनं विचारलं, "त्याच्या हाताला हात लागला तर आंघोळ करा लागल का?" त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यानंच सांगितलंय नको म्हणून.

वडशाला चहाच्या टपरीवर आमच्या मंडळाची पोरं नाटकाचा करार करायला गेली होती, मी पण होतो. तो तिथंच बसलेला, नुकताच उठलेला, दुपारचे तीन. लाईटवाल्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "दादा, तुमच्या गावात आमचं नाटक आहे ना, त्याच दिवशी दुपारी मॅच ठेवा. आमची टीम विरुद्ध तुमची टीम. पैसे गोळा करा, मी खेळतो, मला काही नको." मग हसत म्हणाला की मुंबईत एका सेलिब्रिटी मॅचला त्याला बोलावलं होतं, युनिफॉर्म दिला, पाठीवर नाव छापून दिलं आणि पूर्ण मॅच पाणी द्यायला ठेवलं. "पण पाठीवर नाव होतं हां!"

सिनेमावाल्यांच्या मॅचबद्दल माझं मत तोपर्यंत फारसं बरं नव्हतं. सेलिब्रिटी क्रिकेट लीग २०११ ला सुरू झाली तेव्हा आम्ही टवाळी करत बघायचो, मुंबईकडून सोहेल खान, कर्नाटकचा सुदीप, २०१३ ला रितेश देशमुख आपल्या मराठी कलाकारांची 'वीर मराठी' घेऊन उतरला तेव्हा मात्र टवाळी बंद झाली, कारण टीम आपली. तरी मनात हेच की हे लोक फोटोसाठी खेळतात. मग कॉमेंट्रीसाठी माहिती जमवताना कळलं की हे खूळ काही आजचं नाही. राज कपूर आणि दिलीपकुमार एकमेकांविरुद्ध टीम घेऊन क्रिकेट खेळलेत, तेही सिनेमातल्या हातावर पोट असलेल्या कामगारांसाठी. म्हणजे बघा, तेव्हापण लाईटवालाच. तिकडं इंग्लंडमध्ये २००६ पासून 'सॉकर एड' चालतं, युनिसेफसाठी, निवृत्त फुटबॉलवाले आणि नट-गायक एकाच टीममध्ये, आणि २०१० ला ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर मॅच पेनल्टीवर गेली आणि शेवटची जिंकून देणारी पेनल्टी मारली ती वुडी हॅरेलसननं, हॉलिवूडच्या नटानं. ते मी पाठ करून ठेवलं होतं, माईकवरून बोललोसुद्धा. गावात कोणालाच कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

आणि आपल्या विदर्भात नटाच्या नावानं झालेली सगळ्यात मोठी मॅच कोणती, तर माझ्या मते ती क्रिकेटची नाहीच. आमीर खानच्या पाणी फाउंडेशननं २०१६ ला वॉटर कप सुरू केला, पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, पहिल्याच वर्षी तीन तालुक्यांत आपला वरुड होता. दुसऱ्या वर्षी आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलामांचं एवढंसं गाव, राज्यात पहिलं आलं. पन्नास लाखांचा कप. पंचेचाळीस दिवस, ८ एप्रिल ते २२ मे, विदर्भातलं ऊन, आणि हातात कुदळ. आता तिथं आमीर येऊन किती घमेली उचलून गेला याला काय अर्थ आहे? खड्डे गावानं खणले. पण त्याचं नाव नसतं तर गाव एका वेळी एका जागी गोळा झालं असतं का, हा प्रश्न मला पडतो, आणि उत्तर द्यायला जीभ जड होते. नटाचं काम तेवढंच असतं बहुतेक, लोकांना घराबाहेर काढायचं. बाकी आपलं आपण.

आमच्याकडची तयारी सांगतो. पटाच्या मैदानाला लागून जी बांधी आहे, धान कापून झालेली, तिचीच पिच केली. २०१४ ला पटावर बंदी आली तेव्हापासून मंडईत क्रिकेट घुसलं, २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी देऊन बैल परत पळायला लागले तरी क्रिकेट काही हललं नाही. धसकटं उपटली, पाणी मारलं, आणि माझ्या चुलतभावाच्या पोरानं तीन दिवस ट्रॅक्टर फिरवून जमीन अशी बसवली की तिच्यावर भाकर थापावी.

हा पोरगा लक्षात ठेवा. एकोणीस वर्षांचा, शिक्षण बारावीत सुटलेलं, ट्रॅक्टर चालवतो आणि फास्ट टाकतो. आमच्याकडे प्रत्येक गावात एक पोरगा असतो ज्याला वाटतं आपण पुढचे उमेश यादव. त्यात चूक पण काय, उमेश आपला खापरखेड्याचा, बाप कोळशाच्या खाणीत, तोही टेनिस बॉलवरच वाढला. फक्त उमेशला कोणीतरी बघितलं आणि आमच्या पोराला अजून कोणी बघितलेलं नाही. मंडईत आसपासच्या गावांचे लोक येतात तेवढेच त्याचे सिलेक्टर.

मॅचचा दिवस. वीस रुपये तिकीट, लहान पोरांना फुकट. फक्कीनं बाउंड्री मारलेली, भोंगे चारही बाजूंना, एक भोंगा मुद्दाम लाईटवाल्याच्या घराच्या दिशेनं बांधला, कारण त्याला आणायचं ठरलं होतं पण तो नाही म्हणाला. "लोक मले पाहाले येतील का मॅच पाहाले?" असं त्यानं विचारलं आणि आम्ही गप्प बसलो. त्याच्या बायकोला मात्र मंडळानं आणलं, स्टेजवर सरपंचाच्या बाजूला खुर्ची, शाल, श्रीफळ. ती बिचारी चार तास पदर सावरत बसली होती, कोणी फोटो काढायला आलं की मान खाली. ते मला बघवलं नाही. पण माईक माझ्याकडेच होता आणि तिचं नाव पाच वेळा घेणारापण मीच होतो.

राईस मिलवाल्या शेठनं चिठ्ठी पाठवली, पाहुण्या कलाकाराच्या प्रत्येक सिक्सरला पाचशे एक रुपये. कृषी केंद्रवाल्यांनी चौक्याला दोनशे एक. एका मामाजींनी तर जाहीर केलं की आमच्या पोरानं नटाची विकेट घेतली तर एकशे एक, ते मी वाचलं आणि लोक हसले. म्हणजे रेट बघा. सिक्सर पाचशे एक आणि विकेट एकशे एक. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, नंतर आलं.

नट एक वाजता आला. आदल्या रात्री कुरखेड्याकडे कुठं तरी प्रयोग होता, सकाळी सहाला संपला, गाडीतच दोन तास झोपला असेल. मी टॉसच्या वेळी जवळून बघितला. डोळ्यांत रात्रीचं काजळ तसंच, नीट पुसलेलं नाही, उन्हात ते वितळून खालच्या पापणीला लागलेलं, आणि वरच्या ओठावर जिथं मिशी चिकटवतात तिथं कातडी लाल झालेली, स्पिरिट गमचा पट्टा दिसत होता. रोज चिकटवायची, रोज ओढून काढायची, चार महिने. माझ्या हातात माईक देताना म्हणाला, "दादा, पाणी आहे का थोडं?" आणि बाटलीतलं पाणी प्यायच्या आधी डोळ्यांवर मारलं. त्या दिवशी त्यानं काय दिलं असं कोणी विचारलं तर मी तरी झोप म्हणेन. पैसे आम्ही दिले, त्यानं झोप दिली, आणि सीझनमध्ये झाडीपट्टीच्या नटाकडे तीच सगळ्यात कमी असते.

त्यांची टीम म्हणजे बघण्यासारखी होती. ऑर्गनवाला ओपनिंगला. दुसरा ओपनर विनोदी नट, तो प्रत्येक बॉलला पडायचा, लागलं नाही तरी पडायचा, लोक लोटपोट. तबलजी विकेटकीपर. राजाचं काम करणारे एक साठीचे काका होते, ते पॅन्ट वर करून स्लिपमध्ये असे उभे राहिले की दरबारच भरला. आठ ओव्हरची मॅच. आम्ही पहिली बॅटिंग केली, नव्वद-एक केले, ते कोणाच्या लक्षात नाही. सगळे वाट बघत होते.

तिसऱ्या ओव्हरला विनोदी नट खरोखरच पडला आणि रनआऊट झाला, आणि आपला टीव्हीवाला नट उतरला. आवाज काय झाला म्हणून सांगू! टीव्हीवर ज्याला बाया शिव्या देतात त्याला बघायला बाया कुंपणाच्या तारेपर्यंत आल्या. आमची आईपण. मंडळाची चार पोरं बादल्या घेऊन लोकांत फिरायला सुटली, ते ठरलेलंच होतं, तो बॅटिंगला आला की बादल्या फिरवायच्या. मी माईकवर सुटलो, काय बोललो आठवत नाही.

आणि बॉल कोणाच्या हातात? ट्रॅक्टरवाल्या पोराच्या.

त्यानं पंधरा पावलांचा रनअप घेतला. मला वाटलं हळू टाकेल, सगळ्यांनाच वाटलं, कप्तानानं त्याला सांगितलंपण होतं म्हणे की पहिला फुलटॉस दे, उचलू दे त्याला. त्यानं यॉर्कर टाकला. पायाच्या बोटांशी. स्वतःच ट्रॅक्टरनं दाबलेल्या पिचवर, त्याला बरोबर माहीत होतं कुठं काय होतं ते. नटाची बॅट खाली यायच्या आधी मधला दांडा उडाला, तबलजी नव्हे, आमचाच विकेटकीपर, त्याच्या डोक्यावरून गेला.

मैदानावर अशी शांतता मी कधी ऐकली नाही. बादलीत चिल्लर पडायचा आवाज येत होता तोही थांबला. पोरानं दोन्ही हात वर केले आणि मग आजूबाजूला बघितलं आणि हात हळूहळू खाली आणले, कारण टीममधला एकही जण त्याच्याकडे पळत येत नव्हता. कप्तान कमरेवर हात ठेवून असा बघत होता की पोरानं जणू देवळातली घंटा चोरली.

"नो बॉल!" मी माईकवर बोललो.

अंपायरनं हात केलेला नव्हता. अंपायर शाळेचे गुरुजी, ते पिचकडे बघत उभे होते, पोराचा पाय लाईनच्या आत होता हे त्यांनीही बघितलं आणि मीही, स्टेज उंच असल्यामुळे मला सगळ्यात चांगलं दिसत होतं. पण मी बोललो, आणि चारही भोंग्यांतून ते गावभर गेलं, आणि लोकांनी एकदम "नो बॉऽऽऽल" केलं, आणि गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघून हात आडवा केला. माझं बोलणं आधी आणि अंपायरचा हात नंतर. क्रिकेटमध्ये असं कुठं असतं?

नट निघाला होता. अर्ध्या वाटेत होता. तो थांबला, मागं फिरला आणि गुरुजींना काहीतरी म्हणाला, मान हलवत. नंतर गुरुजींनी सांगितलं, तो म्हणत होता, "सर, आऊट आहे, स्वच्छ आऊट आहे, मला माहीत आहे ना." गुरुजी म्हणाले, "तुम्ही उभे राहा, बादल्या फिरून रायल्या." तो उभा राहिला.

सेलिब्रिटी लीगवाले याबाबतीत आमच्यापेक्षा शहाणे. २०२३ पासून त्यांनी प्रत्येक टीमला दहा-दहा ओव्हरच्या दोन इनिंग करून टाकल्यात, म्हणजे हिरो एकदा आऊट झाला तरी परत येतोच. नियमातच सोय. आमच्याकडे नियम नव्हता म्हणून मला तोंड वापरावं लागलं.

पुढचं थोडक्यात. पोरानं बाकीचे बॉल असे टाकले की शेळीनं पण मारावे. त्यात राग होता, मला कळत होतं. नटानं दोन सिक्सर मारले, तीन कॅच आमच्या लोकांनी सोडले, त्यातले दोन तर असे सोडले की नाटक कंपनीत घेतलं असतं त्यांना. मी हे आता लिहितोय तेव्हा मला ते चित्र दिसतं, मैदानात जितके खेळाडू होते ते सगळे अॅक्टिंग करत होते, खोटं डाइव्ह मारत होते, खोटं डोकं धरत होते, आणि ज्याचा धंदाच अॅक्टिंग तो एकटा घामाघूम होऊन प्रत्येक बॉल नीट बघून खेळायचा प्रयत्न करत होता. बावीस केले त्यानं. मग दुसऱ्याच बॉलरला उचलून मारायला गेला आणि कॅच आऊट झाला, तो कॅच पकडला गेला कारण बॉल एका दहा वर्षांच्या बदली पोराकडे गेला आणि त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

सिक्सरचे एक हजार दोन. चौक्यांचे चारशे दोन. बादल्या, तिकिटं, बॅटवर सही करून केलेला लिलाव, सगळं मिळून अठ्ठावन्न हजार आणि वर काही शे. रात्री ग्रामपंचायतीच्या टेबलावर मोजले, मी, गुरुजी आणि सरपंच. दहाच्या नोटा इतक्या की गुरुजींच्या बोटांना वास लागला. त्या पैशाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, त्यातून चाकाची खुर्ची आली, हवेची गादी आली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते ती. पहिल्याच बॉलला तो गेला असता तर लोक अर्ध्या तासात पांगले असते, बादल्या रिकाम्या आल्या असत्या, हे मला चांगलं माहीत आहे. परत तशी वेळ आली तर मी काय करीन? परत नो बॉलच बोलेन असं वाटतं. आणि ते वाटतं म्हणूनच टोचतं.

पैसे मोजायच्या आधी, संध्याकाळी, पोरगा माझ्याकडे आला होता. माईकची वायर गुंडाळत होतो मी.

"काकाजी, माया पाय पुढं गेल्ता का?"

"नाही बेटा."

"मंग काऊन बोल्ले?"

मी त्याला बादल्यांचं सांगितलं, शेठच्या चिठ्ठीचं सांगितलं, लाईटवाल्या भाऊचं सांगितलं. तो ऐकत होता, शहाण्यासारखी मान हलवत होता. मग म्हणाला, "थे समदं ठीक आहे. पण वहीत तरी विकेट लिवा ना."

स्कोअरची वही गुरुजींकडे. मी म्हटलं बघतो. गुरुजी म्हणाले, आता खोडलं तर टोटल जुळत नाही.

लाईटवाल्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो पैसे द्यायला. खाटेवर पडून त्यानं पूर्ण मॅच भोंग्यातून ऐकलेली. पैशाबद्दल काही बोलला नाही, पाकीट उशीखाली सरकवलं आणि छताकडे बघत विचारलं, "थो नो बॉल... तुमचा आवाज आधी आला आन लोकायचा मंग. अंपायरनं हात केल्यावर लोक आधी वरडतात, कॉमेंट्री मंग येते. उलटं कसं झालं?" बावीस वर्षं डिमरवर बसलेला माणूस, कोण कधी बोलतो आणि कधी लाईट पडतो याच्यावर त्याचं आयुष्य गेलेलं. मी हसून विषय बदलला. त्यालापण कळलं, तोही हसला.

पण त्याच्या आधी रात्र गेली होती. नाटकाची.

रात्री अकराला सुरू झालं. थंडी मजबूत, लोक चादरी पांघरून, समोर भुईवर पोरांची गर्दी. ट्रॅक्टरवाला पोरगा माझ्या बाजूलाच, डोक्यावरून घोंगडी. चार अंकी नाटक, नट खलनायक, त्याची एंट्री झाली की बाया बोटं मोडायच्या. त्याची ती मिशी परत चिकटवलेली. दुपारी उन्हात अडीच तास खेळलेला माणूस, पण आवाजाला कुठं कमी नाही. मला अधूनमधून डुलकी लागत होती.

तीन वाजून गेले असतील. प्रवेश असा, पाटलाच्या वाड्यात खलनायक दारू पिऊन बढाया मारतोय, मी याला लोळवलं, त्याला लोळवलं. आणि त्याचा चमचा, म्हणजे तोच विनोदी नट, विचारतो, "मालक, तुम्हाला आजपर्यंत कोणी हरवलंच नाही?" हे नाटकात होतंच. पुढं त्याचं वाक्य काहीतरी वेगळं असणार. तो थांबला. पेला खाली ठेवला, पुढं आला, अगदी कडेपर्यंत, जिथं माईक लटकवलेला असतो तिथं, आणि खलनायकाच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाला, "हरवलं ना. याच गावात. एका पोरानं. पहिल्याच बॉलवर मधला दांडा उडवला माझा. आणि तो नो बॉल नव्हता."

एक सेकंद कोणाला कळलं नाही नाटक आहे का काय आहे. मग अशा शिट्ट्या, अशा टाळ्या, मागून कोणीतरी पोराचं नाव घेऊन ओरडलं, मग सगळेच त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. विनोदी नट वाक्य विसरला, उभ्या उभ्या हसत होता. ऑर्गनवाल्यानं एक सूर लांबवत ठेवला. माझे कान गरम झाले, त्या थंडीत.

मी बाजूला बघितलं. घोंगडीतून घोरणं येत होतं.

तीन दिवस ट्रॅक्टर, मग मॅच, झोपणारच ना. मी त्याला गदागदा हलवला. "अबे उठ! तुयं नाव घेऊन रायले!" तो डोळे चोळत उठला, तोवर टाळ्या विरल्या होत्या, नट पाठ फिरवून पेला उचलत होता, खलनायक परत खलनायक झालेला.

"काय झालं?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, शब्दाला शब्द.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग स्टेजकडे, मग परत माझ्याकडे. "काकाजी," घोंगडी ओढून घेत म्हणाला, "तुमी तर काईबी बोलता."